लेन्स घ्यावी, पण हप्त्याने नव्हे

आमचा धंदा कापडाचा. सूत, सायझिंग आणि ग्रे कापड यांच्या पलीकडे आम्ही फारसे काही पाहिलेले नाही. तेव्हा कॅमेऱ्याच्या लेन्सवर लिहिण्याचा आम्हाला काय अधिकार, असे वाचक विचारतील. विषय आमच्या पेढीवर चालून आला, म्हणून लिहीत आहोत.

गेल्या शाबान महिन्यात आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण आला. वडील यंत्रमागावर, मुलगा लग्नाची शूटिंग करतो. म्हणाला, ‘‘चाचा, तुमच्या क्रेडिट कार्डावर एक लेन्स घेऊ द्या. दीड लाखाच्या वर आहे. बारा हप्त्यांत फेडतो. व्याज शून्य आहे.’’ मुलगा प्रामाणिक, हाताला चांगला. नाही म्हणणे जड गेले. म्हणून आम्ही त्याला म्हणालो, आधी ही वस्तू काय आहे ते आम्हाला समजावून सांग, मग कार्डाचे पाहू. त्यानंतर तीन-चार संध्याकाळ त्याच्याशी आणि नाशिकच्या एका जुन्या फोटोग्राफर मित्राशी बसून जे कळले, ते मालेगाव, भिवंडी, सोलापूरच्या ज्या घरांत असा एखादा मुलगा आहे त्यांच्या कामी येईल.

मुलाला हवी होती ७०-२०० मि.मी., एफ/२.८ ही लेन्स. दुरून जवळचे दाखवणारी, आणि ‘फास्ट’. फास्ट म्हणजे पळणारी नव्हे, जास्त उजेड आत घेणारी. आकडा मात्र उलटा चालतो. आपल्या वीणकर बांधवांना हे सांगावे लागू नये. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते, २० पेक्षा ४० बारीक. तसेच येथे एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होते. एफ/२.८ मध्ये एफ/४ च्या दुप्पट उजेड येतो आणि एफ/५.६ च्या चौपट. २०० मि.मी.ला २.८ ने भागले की सुमारे ७१ येतात, म्हणजे पुढची काच निदान तेवढी रुंद हवीच. म्हणून ही लेन्स दीड किलोच्या आसपास भरते आणि महाग पडते. कॅनॉनची एफ/४ ची स्टॅबिलायझर असलेली पहिली लेन्स ७६० ग्रॅमची, म्हणजे जवळपास निम्मी.

आता इतका उजेड कशाला? फोटो काढणाऱ्याकडे फ्लॅश असतो. व्हिडिओवाल्याकडे तो नसतो. सेकंदाला २५ चित्रे घ्यायची तर शटर साधारण १/५० वर ठेवावे लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे हॉलमधील दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठीही तेच सोयीचे. उजेड कमी पडला की आयएसओ वाढवणे एवढाच मार्ग उरतो, आणि चित्रात दाणे येतात. मगरिबनंतर मशिदीत निकाह असेल तर काय होते, ते त्याने आम्हाला स्वतःच्याच दोन चित्रणांतून दाखवले. वर पांढरी शेरवानी होती, चित्रात ती मळलेल्या मांजरपाटासारखी दिसत होती. कापडवाल्याच्या डोळ्याला ते लगेच कळले.

दुसरी गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. स्वस्तातल्या ७०-३०० सारख्या लेन्सवर एफ/४-५.६ असे दोन आकडे असतात. म्हणजे झूम करत गेलो की उजेड कमी होत जातो. फोटोत ते खपते. व्हिडिओत चित्र डोळ्यांदेखत काळवंडते. म्हणून व्हिडिओला एकच आकडा लिहिलेली लेन्स हवी, मग ती एफ/४ का असेना.

येथवर मुलाचे म्हणणे बरोबर होते. पण त्याची एक समजूत आम्हाला पटली नाही. त्याच्या मते एफ/२.८ हेच सर्व काही. आमच्या मित्राचे म्हणणे वेगळे, आणि आमच्या बुद्धीला तेच पटते: व्हिडिओत हाताची थरथर थांबवणारा स्टॅबिलायझर हा उजेडाइतकाच महत्त्वाचा. फोटोत शटर जलद करून थरथर लपवता येते, व्हिडिओत प्रत्येक सेकंदाला ती दिसते, आणि २०० मि.मी.वर तर श्वास घेतला तरी चित्र हलते. कॅनॉनची १९९५ ची स्टॅबिलायझर नसलेली एफ/२.८ जुन्या बाजारात स्वस्त मिळते आणि मुले तिच्यावर उडी मारतात. ट्रायपॉडवर ती उत्तमच आहे. पण वरातीमागे धावणाऱ्या मुलाने ती घेऊ नये. सिग्माची ५०-१०० मि.मी., एफ/१.८ ही २०१६ ची लेन्स एफ/२.८ च्या दुपटीहून जास्त उजेड घेते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली, चित्र सुंदर. तिच्यातही स्टॅबिलायझर नाही आणि वजन दीड किलो. ती निकाहच्या ठिकाणी स्टँडवर लावणाऱ्याची वस्तू आहे.

तिसरे, जागेचे माप. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मि.मी.ने १० मीटरवरून सुमारे १.८ मीटर रुंदीची चौकट दिसते. लहान सेन्सरच्या कॅनॉनवर तीच १.१ मीटर होते, म्हणजे डोके आणि खांदे. आपल्या गल्लीतल्या लग्नाच्या मंडपात मागे सरकायला जागा किती असते? मुलाचा कॅमेरा लहान सेन्सरचा. आम्ही पेढीत टेप घेऊन माप काढले तेव्हा तो गप्प झाला. त्याच्या गेल्या हंगामातील २२ कामांपैकी ही लेन्स खरोखर लागली असती अशी नऊच निघाली, ती सगळी मोठ्या हॉलमधली.

आणि २.८ वर काम करणे वाटते तितके सोपे नाही. मोठ्या सेन्सरवर ५ मीटरवरून २०० मि.मी.ला जेमतेम १० सेंटिमीटर एवढेच स्पष्ट राहते. डोळे स्पष्ट तर सेहऱ्याच्या लड्या धूसर. झूम केल्यावर बहुतेक लेन्सचा फोकसही सरकतो, तो हाताने पुन्हा धरावा लागतो. कॅनॉनने २०१३ मध्ये ७०डी मध्ये आणलेला ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस व्हिडिओत कामाचा आहे, त्याआधीचे कॅमेरे चाचपडतात. म्हणून आमचा मित्र म्हणतो, आधी चार कामांना भाड्याने आणा, हात बसतो का पाहा. या शहरात २००० साली नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला, हेही मुलांनी आठवावे.

एक गोष्ट जाता जाता. चित्रणाच्या वैधतेविषयी उलमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पण ही लेन्स दुरून कोणाचाही चेहरा जवळ आणते आणि त्या व्यक्तीला पत्ताही लागत नाही. जनान्याच्या दिशेने कॅमेरा वळणार नाही, हे घरच्यांशी आधीच ठरवून कागदावर लिहावे. या बाबतीत ज्याचे नाव चांगले, त्याला आपल्या समाजात कामाची वाण पडणार नाही.

आता व्याजाकडे. ‘शून्य व्याजाचे हप्ते’ हा शब्द ऐकून आमचे कान उभे राहिले. उधारीच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली, पैसा फुकट थांबत नाही हे आम्ही जाणतो. चौकशी केली तेव्हा कळले, बँक आपले व्याज आकारतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून सोडते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी वेगळा ग्राहकाच्या माथी. वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की क्रेडिट कार्डाच्या शून्य टक्के योजनांत व्याज फीच्या रूपाने झाकलेले असते. म्हणजे कागदावर व्याज आहे, फक्त पाटी दुसरी आहे. शिवाय हप्ता दरमहा येतो. रमजानमध्ये लग्ने नाहीत, मोहरममध्येही आपल्याकडे बहुतेक घरे लग्न टाळतात, बँक मात्र थांबत नाही. एक हप्ता चुकला की मग उघड व्याज. कार्ड आमच्या नावाचे, म्हणजे त्या व्यवहाराचा कागद आमच्या सहीचा. आम्ही नाही म्हटले.

परंतु नाही म्हणून हात झटकणे हे आपल्या व्यापारी वर्गाचे जुने दुखणे आहे, ते येथे लिहिणे भाग आहे. हराम आहे एवढे सांगून आपण मुलाला परत पाठवतो, तो दुसऱ्याच्या कार्डावर तेच करतो. त्याला हलाल मार्ग कोण दाखवणार? मार्ग दोन आहेत आणि दोन्ही अवघड नाहीत. दोघा-तिघांनी शिरकतीत लेन्स घ्यावी, कोणाची किती रक्कम ते लिहावे, नफातोटा हिश्शाप्रमाणे. किंवा पैसेवाल्याने लेन्स स्वतःच्या मालकीची घ्यावी आणि मुलाला इजाऱ्याने, म्हणजे भाड्याने द्यावी. भाडे ठरलेले असले तरी चालते, कारण मुलाचा निष्काळजीपणा नसताना लेन्स बिघडली तर नुकसान मालकाचे असते. आमचे काही बांधव पैसे देतात, महिन्याला ठरावीक रक्कम घेतात, आणि वस्तू बिघडली तरी मुद्दल पूर्ण मागतात. त्याला भागीदारी म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असा सूरह बकरामध्ये आदेश आहे, आणि आम्ही मात्र लाखाचे व्यवहार चहावर करतो.

नवी तरी कशाला हवी? कॅनॉनची २०१० ची आयएस टू किंवा टॅमरॉनची २०१७ ची जी टू, दोन्ही स्टॅबिलायझरवाल्या, जुन्या बाजारात मिळतात. कंपन्यांचे लक्ष आता डीएसएलआरवरून मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेले आहे, त्यामुळे जुनी लेन्स विकणारे पुष्कळ. कॅनॉनची ही लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून त्यांच्या नव्या कॅमेऱ्यावरही चालते, तेव्हा पैसा बुडत नाही. घेताना मात्र कापडाचे ठाण तपासतो तशी उजेडासमोर धरावी. टॉर्चने आतून पाहावे, बुरशीचे जाळे दिसले तर परत करावी. मुंबई-कोकणातून आलेली असेल तर दोनदा पाहावे. स्टॅबिलायझर चालू-बंद करून फरक पाहावा. २०० मि.मी., एफ/२.८ वर पाच मिनिटे चित्रण करावे. स्टँडवर बसवण्याची कडी सोबत आहे ना, बिल आहे ना, बिलावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळतो ना. बिल नसलेली लेन्स चोरीची असू शकते.

मुलाने दोन मित्र गोळा केले, आम्ही चौथा हिस्सा घातला. शव्वालमध्ये नाशिकहून जुनी टॅमरॉन रोखीने आली. कराराचा कागद आमच्या गल्ल्यात आहे, लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात पेढीच्या कपाटात. ज्याचे काम असेल तो वहीवर सही करून नेतो. पहिल्याच आठवड्यात दोघांच्या तारखा एकाच दिवशी आल्या आणि थोडी बाचाबाची झाली. आता तारखेचा नियमही वहीत लिहिला आहे.