गॅसची गाडी की डिझेलची?



नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळायला पडली आणि तिचे पैसे घरात आले, की आपल्याकडे दोन विषय हमखास निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा गाडीचा. लग्नाच्या विषयात मी पडत नाही. गाडीच्या विषयात मात्र परवा मला पडावंच लागलं.

शहादा तालुक्यात आमच्या ओळखीचं एक घर आहे. सात एकर जमीन. तीन एकर ऊस, दोन एकर पपई, बाकी कापूस आणि मिरची. दारात जुना ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली. आता पिकअप घ्यायची म्हणून दोघा भावांत वाद पेटला. थोरला म्हणे, डिझेलचीच घ्यायची. धाकटा म्हणे, "सुरतेला माझा मित्र गॅसवर गाडी चालवतो. महिन्याला तीन-चार हजार वाचवतो. पिकअप गॅसची घेऊ आणि ट्रॅक्टरलाही गॅसचं किट बसवून टाकू!" आबांनी मला निरोप धाडला, "जिभाऊ, एकदा येऊन जा. पोरं ऐकत नाहीत."

मी गेलो. चहा झाला. दोन्ही भाऊ आपापली बाजू तावातावाने मांडत होते. तेवढ्यात धाकटी सून वही घेऊन बाहेर आली. बचत गटाचा हिशेब तीच ठेवते. ती म्हणाली, "भाऊ, गॅसचा पंप आपल्या घरापासून किती लांब आहे, ते आधी कोणी सांगेल का?"

सगळे गप्प झाले. मंडळी, साऱ्या वादाची किल्ली त्या एका प्रश्नात होती.

आधी "गॅस" कशाला म्हणायचं ते ठरवू. अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात. तिकडे गाडीमागे ट्रेलर जोडून घोडे, होड्या, गवताचे गठ्ठे नेण्याची पद्धत आहे, आणि पेट्रोलची गाडी घ्यावी की डिझेलची हा वाद तिथेही रंगतो. जाणती माणसं सांगतात, कधीमधी हलकं ओझं असेल तर पेट्रोल, रोजचं जड ओझं असेल तर डिझेल. आपल्याकडे गाडीचा गॅस म्हणजे सीएनजी, दाबून भरलेला नैसर्गिक वायू. स्वयंपाकघरातला सिलिंडर तो वेगळा, त्यात एलपीजी असतो. घरचा सिलिंडर गाडीला जोडणं बेकायदा तर आहेच, पण जिवावरचंही आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की खाली साचून राहतो. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे मोकळ्या जागेत वर निघून जातो. मात्र तो सुमारे 200 किलोच्या दाबाने टाकीत कोंडलेला असतो, म्हणून त्याची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावीच लागते.

आता दोन्ही इंजिनांचा स्वभाव पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने 1897 साली आपलं इंजिन चालवून दाखवलं. त्याची युक्ती अशी, की आत घेतलेली हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी आणि डिझेलचा फवारा पडताच आपोआप पेट घ्यावा. त्याला ठिणगी लागत नाही. हवा पंधरा ते वीस पट दाबली जाते, म्हणून इंजिन जाडजूड आणि मजबूत करावं लागतं. असं इंजिन कमी फेऱ्यांतच जोर धरतं. या जोराला कंपनीच्या कागदावर "टॉर्क" म्हणतात. गॅसचं इंजिन पेट्रोलच्या जातीचं असतं, ते ठिणगीवर पेटतं. शिवाय गॅस आत शिरताना हवेची जागा अडवतो. त्यामुळे पेट्रोलवरची गाडी गॅसवर घेतली की जोर साधारण दहाव्या हिश्श्याने उतरतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर डिझेल हा नांगराचा बैल आणि गॅस हा छकड्याचा बैल. छकड्याचा बैल वाईट नसतो. सपाट रस्त्यावर हलकं ओझं घेऊन तो झपझप जातो आणि वैरणही कमी खातो. पण त्याला काळ्या रानात नांगराला जुंपलं, तर दोष बैलाचा नाही, जुंपणाऱ्याचा.

मी सुनेला म्हटलं, "ताई, लिही." दर रोज बदलतात, म्हणून हे आकडे फक्त उदाहरणाचे समजा आणि आपल्या गावचे आकडे त्या जागी घाला.

समजा डिझेल 92 रुपये लिटर आहे आणि पिकअप लिटरला 14 किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला साधारण 6 रुपये 57 पैसे पडले. समजा गॅस 90 रुपये किलो आहे आणि गाडी किलोला 18 किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला 5 रुपये. दीड रुपयाच्या वर बचत झाली! महिन्याला दोन हजार किलोमीटर धावणाऱ्याला तीन हजारांवर पैसे सुटले. धाकट्याचा मित्र खोटं बोलत नव्हता.

धाकट्याचा चेहरा खुलला. सून मात्र लिहीतच होती. ती म्हणाली, "टाकीत 12 किलो गॅस मावतो असं धरा. त्यात 216 किलोमीटर जाणं झालं. पण पंप 30 किलोमीटर लांब असेल, तर नुसतं भरायला जाऊन येण्यात 60 गेले. कामाचे राहिले 156. गॅसचे पैसे मात्र पूर्ण 1080. म्हणजे कामाच्या किलोमीटरला 6 रुपये 92 पैसे पडले. डिझेलपेक्षा महाग!"

तिने रांगेत मोडलेला वेळ तर धरलाच नव्हता. जिथे पाइपलाइन नाही तिथल्या पंपावर गॅस गाडीने आणतात. गाडी उशिरा आली की दाब उतरतो आणि टाकी पुरती भरत नाही. उन्हाळ्यात टाकी तापलेली असली तरी गॅस कमी बसतो. टाकीचं वजनही मालाच्या वजनातून वजा होतं.

म्हणजे गॅस वाईट का? मुळीच नाही. नवापूरकडचा जो भाजीवाला रोज सुरतेला जातो, त्याला पंप वाटेतच लागतो. गुजरातेत सीएनजीचे पंप फार आधीपासून आणि दाट आहेत. त्याने गॅसचीच गाडी घ्यावी, डोळे झाकून घ्यावी. पण तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावला खत-सिमेंट पोचवणाऱ्याने डिझेल सोडू नये. घाटात जोर लागतो, आणि गॅस संपला तर तो डब्यातून आणून ओतता येत नाही. ज्या गाडीत गॅस आणि पेट्रोल दोन्ही चालतं ती अडून पडणार नाही, पण पेट्रोलवर चालवली की बचतीचा हिशेब बुडाला.

डिझेलवाल्यांनीही फार फुशारू नये. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. गाडी नुसती गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटर चालवली तर ती गाळणी तुंबते. दिवा लागला की मोठ्या रस्त्यावर थोडा वेळ एकसारख्या वेगाने चालवून ती साफ होऊ द्यावी लागते. काही गाड्यांना डीईएफ नावाचं युरियाचं पाणी लागतं. ते कंपनीचंच घाला. घरी युरिया आहे म्हणून बादलीत कालवून ओतलात, तर दुरुस्तीत एका मोसमाची मिरची जाईल. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायची जुनी खोड तर आता विसराच.

राहिला ट्रॅक्टरचा प्रश्न. ट्रॅक्टर गॅसवर चालतो, ही थाप नाही. 12 फेब्रुवारी 2021 रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिझेलचा सीएनजी केलेला ट्रॅक्टर लोकांपुढे आणला. न्यू हॉलंड कंपनीने परदेशात मिथेन वायूवरचा ट्रॅक्टर विकायलाही काढला आहे. पण तिकडचा शेतकरी गोठ्यातल्या शेणाचा गॅस स्वतःच तयार करतो, स्वतःच भरतो. आपला ट्रॅक्टर रानात असतो आणि पंप शहरात. नांगरट अर्धी टाकून ट्रॅक्टर गॅस भरायला धाडायचा काय?

उद्या चित्र बदलूही शकेल. कारखान्याच्या प्रेसमडपासून, शेणापासून, पिकाच्या काडीकचऱ्यापासून असाच दाबाचा गॅस करता येतो. 1 ऑक्टोबर 2018 रोजी केंद्राने त्यासाठी "सतत" नावाची योजना सुरू केली. उसाची ट्रॉली जिथे रिकामी होते त्या कारखान्याच्या आवारातच गॅस मिळू लागला, तर सुनेच्या वहीतला तो 60 किलोमीटरचा आकडा पुसला जाईल. मग ट्रॅक्टरलाही गॅस परवडेल. तो दिवस येईल तेव्हा पुन्हा हिशेब मांडू. आज मात्र ओळखीच्या मिस्त्रीकडून स्वस्तातलं किट बसवू नका. किट मान्यताप्राप्त हवं आणि गाडीच्या नोंदणी पुस्तकात त्याची नोंद हवी. नाहीतर अपघात झाल्यावर विम्यावाले हात वर करतील.

इतकं झाल्यावर मी उठलो आणि अंगणातली ट्रॉली बघायला गेलो. ब्रेक नावाला. मागे लाल रिफ्लेक्टर नाही. एका चाकाचा टायर गुळगुळीत. पिन म्हणून वाकडा गज अडकवलेला.

तेव्हा मला माझी गोष्ट सांगावी लागली. तरणाताठा होतो तेव्हाची. प्रकाशाजवळ तापीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर उसाने भरलेली ट्रॉली घेऊन निघालो होतो. डिझेल वाचेल म्हणून उतारावर क्लच दाबून धरला. दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे त्याच्या तिप्पट ऊस! ट्रॉलीने ट्रॅक्टरला असं ढकललं की ब्रेक दाबताच ट्रॅक्टर आडवा झाला. बांधावरच्या बाभळीने मला वाचवलं. मडगार्डवर बसलेल्या गड्याचा पाय मोडला. तो आयुष्यभर लंगडला आणि माझ्याकडे पाहून हसत राहिला. ते हसणं मला आजही झोपू देत नाही. किती डिझेल वाचलं असेल? पावशेर.

म्हणून सांगतो मंडळी, ओढायला इंजिन लागतं, पण जीव वाचतो तो ब्रेकने. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर क्लच दाबू नका, न्यूट्रल तर कधीच नको. रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून ठेवा. ट्रॉली खालच्या हुकालाच लावा, उंच लावली तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. मडगार्डवर, दांडीवर, उसावर माणूस बसवू नका. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा असतो, तो पाहून घ्या. आणि मालाच्या गाडीत माणसं कोंबू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि ऐन दिवाळीत आपल्या जिल्ह्यातल्या घरांतली तरुण मुलं गेली. त्या घरांत कोणी विचारलं नसेल की गाडी डिझेलची होती की गॅसची.

मग त्या घराचं काय ठरलं? सुनेने मागच्या वर्षभराच्या खेपा वहीत लिहून काढल्या. शहाद्याचा बाजार, नंदुरबारची मिरची, खताच्या गोण्या, सारं धरून महिन्याला सरासरी सहाशे किलोमीटर भरले. पंप अगदी वाटेत असता तरी गॅसने महिन्याला हजाराच्या आतच वाचले असते. हप्ता मात्र त्याच्या कितीतरी पट. आबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, "मग आपल्याला गाडी हवी कशाला? एवढ्या खेपा तर भाड्यानेही होतील."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आता ठरलंय असं, की यंदा ट्रॉलीला नवे ब्रेक, दोन टायर, चांगली पिन आणि मागे रिफ्लेक्टर. पिकअप एक हंगाम लांबणीवर. पपईच्या खेपा वाढल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा वही उघडायची.

तुमच्या घरी हा विषय निघाला, तर दुकानदाराकडे जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. महिन्याचे किलोमीटर किती? ओझं किती आणि वाटेत घाट आहे का? पंप वाटेत आहे की वाकड्या वाटेवर? आणि थांबवायला ब्रेक कसे आहेत? रोजची सपाट वाट, हलकं ओझं आणि वाटेत पंप असेल तर गॅस. घाट, जड ओझं आणि लांबचा पंप असेल तर डिझेल. आणि खेपाच थोड्या असतील तर भाड्याची गाडी बरी. हे लिहिताना घरातल्या बायांना शेजारी बसवा. पैसे कुठे गळतात, ते त्यांना आधी दिसतं.

बाकी पुढच्या आठवड्यात. सांभाळून चालवा, घरी वाट पाहणारं कोणी आहे.