चूक सांगणाऱ्या सिस्टरला अभय द्या

माननीय डॉ. अहमद अल-अवधी, आरोग्यमंत्री, कुवेत

महोदय,
मी तुमच्या देशात मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. माझ्यासोबतच्या बहुतेक जणी केरळच्या, काही फिलिपिन्सच्या. मराठी आम्ही मोजक्याच. पण मनातली धास्ती सगळ्यांची एकच: आपल्या हातून एखाद्या लेकराला इजा होऊ नये.

मोठ्या माणसाची गोळी बहुधा ठरलेली असते. मुलांचे तसे नाही. आधी वजन, मग किलोमागे किती मिलिग्रॅम, मग बाटलीतले औषध किती तीव्र, मग सिरिंजमध्ये किती ओढायचे, हे गणित दर डोसला. अडीच किलोच्या बाळासाठी एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये 0.05 ऐवजी 0.5 ओढले गेले, तर डोस दहापट होतो. रात्रीचे तीन वाजलेले, शेजारचा मॉनिटर वाजतोय, घाबरलेली आई अरबीत काही विचारतेय, आणि एकीच्या अंगावर झेपतील त्याहून जास्त मुले. नेमके तेव्हाच दशांशाचे टिंब सरकते. बॉस्टनमध्ये झालेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजा होऊ शकेल अशा औषधचुका मुलांमध्ये मोठ्यांच्या तिप्पट आढळल्या होत्या.

पुष्कळदा दुसरी सिस्टर डोस तपासताना चूक पकडते आणि बाळ वाचते. ती टळलेली चूक कागदावर आली, तर कळेल की दोन औषधांच्या बाटल्या सारख्याच दिसतात, किंवा औषधे काढतानाच फोन सारखा वाजतो. पण ती कागदावर येत नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतली 2014 साली प्रसिद्ध झालेली पाहणीच पाहा: चूक सांगितली तर शिक्षा होणार नाही, हा भरवसा कर्मचाऱ्यांमध्ये सर्वांत कमी होता. त्यात परदेशी सिस्टरचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की देश सोडायचा, आणि गावी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. अशी बाई स्वतःहून तोंड कशाला उघडेल?

आमच्या महाराष्ट्रात याहून वेगळे नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. 10 बाळे दगावली, 7 वाचली. अग्निसुरक्षेतल्या त्रुटी चौकशीत पुढे आल्या, अधिकाऱ्यांचे निलंबनही झाले, पण पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. ही बातमी वाचलेली प्रत्येक सिस्टर जे शिकली, ते मुलांच्या हिताचे नव्हते, असे मी ठामपणे म्हणते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2025 चा रुग्णसुरक्षा दिन नवजात आणि लहान मुलांच्या सुरक्षित उपचारांना वाहिला. तुमच्याकडे रुग्णहक्कांचा 2020 चा कायदा आहे. त्याच्या जोडीला एवढे करा: टळलेली चूक कळवणाऱ्या सिस्टरचे नाव गुप्त राहील आणि ती नोंद करार-नूतनीकरणाच्या फाइलमध्ये कधीही जाणार नाही, असा लेखी आदेश काढा. कंत्राटदारांमार्फत आलेल्या सिस्टरनाही तो लागू करा. मुलांच्या जोखमीच्या औषधांचे मोजलेले डोस फार्मसीतूनच तयार होऊन येऊ द्या. आणि आदेश अरबी-इंग्रजीसोबत मल्याळम, हिंदी, तागालोगमध्येही वॉर्डात लावा, म्हणजे रात्रपाळीच्या नव्या मुलीलाही तो स्वतः वाचता येईल.

आपली नम्र,
बालरुग्ण विभागातील एक परिचारिका