एसईलिनक्स आणि पाटाचं पाणी

लिनक्सच्या मशीनवर काही अडलं आणि चार जाणकारांना विचारलं, की त्यातले तीन जण आधी हेच विचारतात, "एसईलिनक्स बंद करून पाहिलंस का?" आणि खरंच, 'सेटएनफोर्स ०' असा एक हुकूम दिला की बऱ्याचदा अडलेलं काम चालू होतं. विचारणारा खूश, सांगणारा त्याहून खूश. माझं मत मात्र असं की लिनक्सच्या जगात फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांपैकी हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे. का, ते आज जरा सविस्तर लिहितो. तांत्रिक मित्रांना यातला काही भाग पाठ असेल, पण आमच्या घरची मंडळीही इथे डोकावतात आणि त्यांनाही समजलं पाहिजे. तेव्हा मित्रहो, थोडं सांभाळून घ्या :)

तर आधी घरच्यांसाठी. कॉम्प्युटरवर आपल्याला दिसतात त्याखेरीज बरेच प्रोग्राम पडद्यामागे दिवसरात्र चालू असतात. कोणी प्रिंटरकडे बघतो, कोणी नेटवर्ककडे. यांना सर्व्हिस म्हणतात. कुठली फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे एरवी त्या फाइलचा मालक ठरवतो. हा विहिरीचा कारभार झाला. विहीर माझी, मोटार माझी, पाणी कोणाला द्यायचं ही माझी मर्जी. यातली अडचण अशी की प्रोग्राम ज्याच्या नावाने चालतो, त्याची सगळी मर्जी प्रोग्रामलाही मिळते. रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाच्या नावाने चालला तर सगळं घरच मोकळं. उद्या त्या प्रोग्राममधल्या एखाद्या चुकीतून कोणी बाहेरचा आत शिरला, तर त्यालाही तेवढंच मोकळं.

दुसरा कारभार पाटाचा. तो अंथुर्ण्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. नीरा डावा कालवा वीर धरणापासून निघतो आणि बारामती तालुका ओलांडून आमच्या इंदापूर तालुक्यात येतो. चारी माझ्या बांधाला लागून गेली म्हणून दार उघडायचा हक्क मला मिळत नाही. नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा, त्यात गट नंबर, क्षेत्र, पीक लिहायचं. मंजुरी मिळाली की शेजपाळीच्या यादीत नाव लागतं, आणि पाळी टेलकडून हेडकडे येते. मंजुरी त्या गटाला आणि त्या पिकाला असते. मनात आलं म्हणून मी माझी पाळी दुसऱ्याच गटातल्या पाव्हण्याच्या उसाला देऊ शकत नाही. विनापरवाना दार उघडलं तर पंचनामा होतो. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याचा आधार त्याला आहे. म्हणजे नियम जमिनीच्या मालकाने केलेला नाही आणि मालकाच्या मर्जीने तो बदलतही नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत यालाच मॅंडेटरी ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, आणि एसईलिनक्स हा त्याचा लिनक्सवरचा एक नमुना.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने डिसेंबर २००० मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. २००३ मध्ये तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आला. २००४ मध्ये फेडोरा कोअर २ मध्ये होता, पण सुरुवातीला बंद ठेवलेला, कारण सगळ्याच प्रोग्रामना करकचून बांधणारे नियम लोकांना झेपेनात. त्याच वर्षी फेडोरा कोअर ३ आला, त्यात मोजक्या सर्व्हिसेसनाच बांधणारे नियम घेऊन तो चालू झाला. तरीही "बंद कर" ही सवय तेव्हापासून चिकटली ती चिकटलीच.

गंमत म्हणजे हेच एसईलिनक्स आज गावातल्या घराघरात चालू आहे. अँड्रॉइडने २०१३ मध्ये ४.३ या आवृत्तीत ते नुसतं नोंदी करण्यापुरतं आणलं, पुढच्या ४.४ मध्ये काही मुख्य सर्व्हिसेसना सक्तीने लावलं, आणि २०१४ च्या ५.० पासून फोनमधल्या सगळ्याच सर्व्हिसेसना. पारावर बसून नातवाचा फोटो बघणाऱ्या आजोबांच्या खिशात ते आहे आणि त्याचा त्यांना कधी त्रास झालेला नाही. तिथे ते बंद कर म्हणून कोणी सांगत नाही. मग सर्व्हरवालेच का सांगतात?

आता एक ताजं उदाहरण. माझा एक चुलतभाऊ दूध संकलन केंद्र चालवतो. वजनकाटा आणि फॅट मशीन कॉम्प्युटरला जोडलेले. एक छोटी सर्व्हिस दोन्हींचे आकडे वाचते, रजिस्टरमध्ये लिहिते आणि मुख्य डेअरीकडे पाठवते. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो, तेव्हा बिलं छापते. ज्यांनी हे बसवून दिलं त्यांनी जाताना एसईलिनक्स बंद करून ठेवलेलं. मी ते पुन्हा चालू करायला बसलो तर भाऊ म्हणाला, "दादा, राहू दे की बंद. चाललंय ना समदं."

चाललंय, हे खरं. पण त्याच कॉम्प्युटरवर दूध घालणाऱ्या प्रत्येकाचं नाव, बँक खातं, पासबुकाची आणि आधारची झेरॉक्स स्कॅन करून ठेवलेली. वजनकाट्याचा आकडा वाचणाऱ्या सर्व्हिसला या कागदांशी काय करायचंय? काहीच नाही. तरी ती रूटच्या नावाने चालत होती आणि सगळं वाचू शकत होती.

हे कसं बांधायचं, ते आता मित्रांसाठी. 'सेपॉलिसी जनरेट' या हुकुमाने त्या सर्व्हिससाठी नियमांचा सांगाडा तयार होतो. तीन फाइली मुख्य. एकीत नियम, दुसरीत कोणत्या फाइलला कोणतं लेबल ते, तिसरीत इतरांशी व्यवहार. लेबल म्हणजे आपला गट नंबर समजा. प्रोग्राम कोणाच्या नावाने चालतोय यापलीकडे जाऊन त्याचं लेबल काय आणि ज्याला हात लावतोय त्याचं लेबल काय, हे कर्नल बघतं आणि त्या जोडीला मंजुरी आहे का ते ठरवतं. मंजुरी नसेल तर नाही. यादीत नाव नाही म्हणजे पाणी नाही.

सुरुवातीला संपूर्ण मशीन मोकळं सोडायचं नाही. त्या एकट्या सर्व्हिसला 'परमिसिव्ह' ठेवायचं, म्हणजे अडवणार काही नाही, पण मंजुरीबाहेरचं प्रत्येक काम नोंदवलं जाईल. किती दिवस? इथे कामाची माहिती लागते. दोन दिवसांत उरकलं असतं तर बिलं छापण्याची वेळच आली नसती आणि पगाराच्या दिवशी सकाळी केंद्रासमोर रांग लागल्यावर प्रिंटर अडला असता. म्हणून पूर्ण दहा दिवसांची एक फेरी होऊ दिली.

मग नोंदी वाचायच्या. 'ऑडिट-टू-अलाऊ' नावाचं एक अवजार आहे. ते प्रत्येक नकाराची ओळ घेऊन मंजुरीचा नियम लिहून देतं. सोयीचं आहे, पण डोळे मिटून वापरलं तर ज्याने ज्याने चोरून दार उघडलं त्याचं नाव यादीत घालण्यासारखं आहे. एकेक ओळ वाचावी लागते. यूएसबीवरून काट्याचा आकडा वाचणं, स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिणं, डेअरीकडे ठरलेल्या पोर्टवरून जोडणी करणं हे तिचं काम. त्याला मंजुरी. सेटिंगची एक फाइल मात्र घरच्या फोल्डरच्या लेबलची निघाली, कारण कोणीतरी ती तिथून उचलून आणली होती आणि उचलून आणलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते. अशा वेळी घरचं फोल्डर वाचायची मंजुरी द्यायची नसते. 'रिस्टोअरकॉन' म्हणायचं, लेबल जागेवर येतं, संपलं. अडलेल्या कित्येक गोष्टींचं मूळ एवढंच असतं, आणि एवढ्यासाठी लोक अख्खं एसईलिनक्स बंद करतात!

सगळं झाल्यावर परमिसिव्हची ओळ काढून टाकली. आता ती सर्व्हिस रूटच्या नावाने चालली तरी पासबुकांच्या फोल्डरला तिचा हात लागत नाही.

याने सगळं सुरक्षित झालं का? नाही. रजिस्टरमध्ये लिहायची तिला मंजुरीच आहे, तेव्हा आत शिरलेला माणूस फॅटचे आकडे बिघडवू शकतो. त्यासाठी बॅकअप वेगळा ठेवावा लागतो. कर्नलमध्येच चूक असेल तर ही भिंतही कच्ची. आणि नियमांची भाषा अवघड आहे, हा आक्षेपही मला मान्य. ज्याला ती झेपत नाही त्याने उबुंटूवरचं ॲपआर्मर बघावं. ते लेबलांऐवजी फाइलच्या पत्त्यावर चालतं आणि वाचायला सोपं आहे. पण अवघड आहे म्हणून काहीच नको, हा निष्कर्ष मला पटत नाही. २०१९ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसी या प्रोग्राममध्ये मोठी चूक सापडली, कंटेनरमधून थेट मूळ मशीनवर ताबा मिळवता येत होता. रेड हॅटने तेव्हा सांगितलं की त्यांच्या प्रणालीवर एसईलिनक्स सक्तीने चालू असेल तर हा हल्ला अडतो. ज्यांनी ते बंद केलं होतं त्यांना ते संरक्षण नव्हतं.

माझा मुख्य मुद्दा मात्र तांत्रिक नाहीच. पाट आणि सर्व्हर यांत एक साम्य मला सारखं दिसतं. हेडला बसलेला माणूस दार उघडतो, तेव्हा त्याचं पीक भिजतं आणि त्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. कोरडं राहतं ते टेलचं रान. सर्व्हरवर 'बंद कर' म्हणणाऱ्याचंही तसंच. त्याची तक्रार मिटते, त्याचं बिल निघतं, तो पुढच्या गावाला जातो. त्या कॉम्प्युटरमध्ये जिचं बँक खातं आहे, ती दोन म्हशींचं दूध घालणारी बाई टेलला आहे. तिला कोणी विचारलेलं नसतं. दार उघडायचं की नाही हे एकट्या मालकाच्या किंवा मेकॅनिकच्या मर्जीवर सोडू नये, यासाठीच तर हा सक्तीचा कारभार आहे.

असो. लांबलं जरा. तुमच्या ताब्यात एखादं फेडोरा किंवा रेड हॅटचं मशीन असेल तर आज 'गेटएनफोर्स' एवढंच टाइप करून पाहा. उत्तर 'परमिसिव्ह' किंवा 'डिसेबल्ड' आलं तर ते कोणी, कधी आणि कशासाठी केलं हे विचारा. बहुधा कोणालाच आठवणार नाही. बंदच असेल तर एकदम सक्ती लावू नका. आधी परमिसिव्ह करा, सगळ्या फाइलींना नव्याने लेबलं लागू द्या, आणि कामाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत नोंदी वाचत राहा.