गुरूंच्या नावाने मोजमाप

योगाच्या परंपरेत गुरूच्या शब्दापुढे शब्द काढायची पद्धत नाही. त्याच परंपरेत, मालसरच्या परमहंस माधवदासांकडे शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि गुरूंनी शिकवलेल्या क्रिया तपासायला घेतल्या. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे मोजून दाखवले, आणि या निर्वाताला नाव दिले ते माधवदासांचे. पण आदराची खरी परीक्षा निष्कर्ष परंपरेच्या विरुद्ध गेला तेव्हा झाली. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, असे जाणकार सांगत. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि ही समजूत टिकत नसल्याचे छापून टाकले. प्राणायाम मात्र सोडला नाही. लाभ होतो हा थोरांचा अनुभव त्यांनी स्वीकारला. तो कशाने होतो याचे स्पष्टीकरण नाकारले.

वडीलधाऱ्यांशी मतभेद करताना हीच फारकत करावी, असे मला वाटते. मावळातला जुना भातशेतकरी अमुक खाचरात रोप पिवळे पडते म्हणतो, तेव्हा त्याचे पाहणे खरे आणि सांगितलेले कारण चुकीचे असू शकते. कृषी अधिकाऱ्याला कारणे पाठ असतात, पण ते खाचर त्याने पाहिलेले नसते. दोघांनाही आपले पुरते कळले आहे असे वाटते, आणि दोघांनाही विचारता यायला हवे. यावर कोणी म्हणेल, मग मोबाइलवर चार ओळी वाचलेला माणूसही डॉक्टरांशी वाद घालेल. ही भीती रास्त आहे. कुवलयानंदांनी आधी वर्षानुवर्षे साधना केली, मग शंका घेतली. निवाडा देण्याचा अधिकार असा कष्टानेच येतो. पण ‘हे कशावरून?’ एवढे विचारायला कोणतीही पदवी लागत नाही, आणि चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने चिडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: मोठ्यांचे मन दुखावते. दुखावते, कधीकधी कितीही नम्रपणे बोलले तरी. अनुभवाचा मान राखला तर घाव हलका होतो, नाहीसा होत नाही. तरीही बोलावे, कारण आपल्या गप्प बसण्याची किंमत बहुधा तिसऱ्यालाच मोजावी लागते. प्राणायामाचेच पाहा: निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेले असते. तरी योगवर्गांत ‘ऑक्सिजन वाढतो’ हे वाक्य आजही ठामपणे ऐकू येते. शिकवणारे वयाने मोठे, म्हणून कोणी विचारत नाही. त्या वर्गात दम्याचा रुग्ण बसलेला असला आणि त्या वाक्याच्या भरवशावर त्याने इन्हेलर बंद केला, तर धाप त्यालाच लागणार आहे.