रांजणांतला मशक

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत मशकांचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांत समुद्रकांठचा सामुद्र आहे, डोंगरांतला पार्वतीय आहे. रांजणांतला मात्र नाहीं. त्यामुळें डास ही कोकणांतील खाजणांची व दाट रानांची पीडा, आपल्या पर्जन्यछायेंतल्या नगर जिल्ह्यास तिचें काय, अशा समजुतींत आम्ही निश्चिंत होतों.

आपल्याकडे पावसाळी डास नाहींत असें नव्हे. अकोले तालुक्यांत सह्याद्रीलगत भातखाचरें पाण्यानें भरतात. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस आला. पण कालव्याच्या पाझरानें सांचणारीं डबकीं हिंवतापाच्या ॲनॉफिलीस डासास आयतींच मिळतात. याच जातीच्या डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस पाहिले. हा डास रात्रीं चावतो, म्हणून मच्छरदाणीचा उपयोग.

परंतु गेल्या श्रावणांत पावसानें ओढ दिली, नळास चार दिवसांनीं पाणी येऊं लागलें, आणि आमचा सात वर्षांचा नातू तापानें फणफणला. डेंग्यू, असें निदान झालें. आम्हीं तात्काळ गल्लींतील गटारास दोष दिला. डॉक्टर शांतपणें म्हणाले, "गुरुजी, हा डास गटारांत वाढत नाहीं. घरांत पाणी कोठें भरून ठेवतां?"

माडीवरील रांजण आम्हींच भरून ठेवविला होता. १९७२ च्या दुष्काळांत बालपण गेलेल्या माणसास पाणी ओतून देववत नाहीं. सूनबाईनें दोनदां सुचविलें असतांही आम्हीं तिला गप्प केलें होतें. वरची फळी सारून पाहिलें, तों आंत अळ्या वळवळत होत्या! त्यानंतरच्या चार रात्री आम्हीं नातवाच्या उशाशीं बसून काढल्या.

हा एडीस डास दिवसां चावतो. त्याची मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेस अंडीं चिकटवते. तीं कोरडीं पडलीं तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि पुन्हां पाणी लागलें म्हणजे आठदहा दिवसांत डास उडूं लागतो. म्हणून नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. आठवड्यांतून एकदां भांडें आंतून घांसून कोरडें करावें लागतें. ज्या हौदाचें पाणी टाकवत नाहीं, त्यांत गप्पी मासे सोडावे. ते अळ्या खातात.

नातू बरा झाला. आतां दर शनिवारीं रांजण घांसण्याचें काम आमच्याकडे आहे. काढलेलें पाणी परसांतील कर्दळीस जातें. सूनबाई आंतल्या कडेवरून बोट फिरवून पाहते, मगच भरूं देते.