निमंत्रण की फर्मान?

लग्नपत्रिकेत तिथी, मुहूर्त वा स्थळ यांपैकी एक जरी राहून गेले, तरी यजमानाला नावे ठेवली जातात. संगणकावरून येणाऱ्या आमंत्रणात मात्र ‘बैठक’ एवढा एकच शब्द असला, तरी कोणाला त्यात वावगे वाटत नाही. हा दोष यंत्राचा खचितच नव्हे. १९९८ साली ठरलेल्या ‘आयकॅलेंडर’ या प्रमाणात विषय, आरंभ, समाप्ती, स्थळ, इतकेच नव्हे तर कोणाची उपस्थिती आवश्यक आणि कोणाची ऐच्छिक, यांचीही तरतूद आहे. मुंबई आणि लंडन यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. वेळ योग्य रकान्यात नोंदवली, तर हा हिशेब यंत्रच करते. मजकुरात नुसते ‘पाच वाजता’ लिहिल्यास त्या बिचाऱ्याने काय करावे? वेळ बदलली, तर मूळ नोंदच सुधारावी. नवी धाडली की जुनीही ठाण मांडून बसते.

परंतु खरा प्रश्न तंत्राचा नसून वृत्तीचा आहे. आमंत्रण म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर सांगितलेला हक्क होय. नकाराची सोय पडद्यावर असते. कनिष्ठ लिपिकाच्या वा शिक्षकाच्या नोकरीत ती क्वचितच असते. म्हणूनच बैठक कशासाठी, किती वेळ आणि कोणत्या निर्णयासाठी, हे आधी कळवणे हे सौजन्य नसून वरिष्ठांचे कर्तव्य आहे. ज्याला बैठकीचा हेतू दोन ओळींत मांडता येत नाही, त्याने ती बोलावूच नये, हे उत्तम!