गाळ कुणाला, बुडणं कुणाला?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यातून ओंजळ भरली. त्यानंतर चाळीस दिवसांनी, २९ एप्रिलला, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात मिसिसिपी नदीचा बांध सुरुंग लावून फोडण्यात आला. न्यू ऑर्लिन्स शहर वाचावं म्हणून तिथल्या धनिकांच्या दबावाखाली खालच्या अंगाची गावं बुडवली गेली. कबूल केलेली भरपाई बहुतेकांच्या हाती पडलीच नाही.

पुढे नदी दोन्ही काठांनी पक्की बांधली गेली. पूर थांबला, पण पुरासोबत पसरणारा गाळही थांबला. वरच्या धरणांनी गाळ अडवला, तेल कंपन्यांनी दलदलीत चर खणले. १९३०च्या दशकापासून सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्याखाली गेली.

त्यावर उपाय असा: बांधात दरवाजे बसवायचे आणि गढूळ पाणी पुन्हा पाणथळ जमिनीत सोडायचं. मिड-बाराटारिया हा सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. पैसा २०१०च्या तेलगळतीच्या भरपाईतला होता. यामागचं विज्ञान चुकीचं नाही. गाळाशिवाय ही जमीन टिकणार नाही. पण गोड्या पाण्यानं कालवं मरतात, कोळंबी दूर जाते, बांधाबाहेरच्या वस्त्यांत पाणी चढतं. त्याच परिसरात आयर्नटन हे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव आहे. तिथं नळाचं पाणी १९८० साली पोहोचलं. २०२१च्या वादळात दफनभूमीतल्या शवपेट्याही वाहून गेल्या.

जुलै २०२५ मध्ये वाढता खर्च आणि मच्छीमारांचं नुकसान ही कारणं देत राज्यानं प्रकल्प रद्द केला. अनेक मच्छीमारांना हायसं वाटलं. जमीन खचायची मात्र थांबलेली नाही. म्हणून 'प्रकल्प हवा की नको' एवढंच विचारून भागत नाही. जमीन कुणासाठी तयार होणार, धंदा कुणाचा बुडणार आणि भरपाई दरवाजे उघडण्याआधी मिळणार की नंतर, हेही विचारावं लागतं.

आपल्याकडे कृष्णा-गोदावरीचे त्रिभुज प्रदेशही धरणांत अडकलेल्या गाळाअभावी झिजत आहेत. उद्या तिथंही असे उपाय येतील. २००६च्या अधिसूचनेनं अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी बंधनकारक केली आहे. पण सारांश स्थानिक भाषेत मिळतो आणि संपूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. आपल्या आईवडिलांना तो वाचता आला नसता, आपल्याला येतो. सुनावणीच्या आधी तो वाचून वस्तीला समजावून सांगणं, हे घरातल्या पहिल्या पदवीधराचं काम आहे.